हातातले ज्ञान आणि नोकरीची हमी

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये संशोधन, विकास आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. खासगी कंपन्यांनी संशोधनात उतरावे म्हणून त्यांना दीर्घ मुदतीचे आणि अत्यल्प व्याजाचे भांडवल मिळावे, हा तिचा उद्देश आहे. त्याची गरज कोणी नाकारणार नाही. आपला संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१च्या सरकारी आकडेवारीनुसार सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के आहे, आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के. जपान आणि दक्षिण कोरियात हाच वाटा तीन चतुर्थांशांहून अधिक आहे. पैसा कमी पडतो ही तक्रार खरी आहे. मात्र पैसा आला की प्रयोगशाळा उभी राहील आणि प्रयोगशाळा उभी राहिली की नवी उत्पादने बाहेर पडू लागतील, हे या चर्चेत जवळजवळ गृहीतच धरलेले असते. जी माणसे कारखान्यात आणि कार्यालयात रोज काम करतात, त्यांच्याजवळ आधीच साठलेले ज्ञान एकमेकांपर्यंत पोचते का, हा प्रश्न मागे राहतो.

माझे म्हणणे असे की ते पोचत नाही, आणि त्याचे कारण आपल्या स्वभावात किंवा संस्कारांत शोधण्यात अर्थ नाही. ‘आपल्याकडे सहकार्याची वृत्तीच नाही’ असे व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. ते सोयीचे आहे, कारण त्यातून कोणावरच जबाबदारी येत नाही. खरे कारण नोकरीच्या रचनेत आहे. ज्याला स्वतःपुरते ठेवलेले ज्ञान हीच नोकरी टिकण्याची एकमेव हमी वाटते, तो ते वाटून टाकत नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या मशीन शॉपमध्ये हे पाहायला मिळते. सीएनसी टर्निंगच्या (संगणकाने चालणाऱ्या लेथच्या) विभागात एक जुना सेटर, म्हणजे मशीनची मापे जुळवून देणारा कारागीर, असतो. त्याच्या खिशात एक छोटी डायरी असते आणि ती तो कोणाला दाखवत नाही. या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टला मशीन गार पडलेले असते. ते तापेपर्यंत हत्यार सरकवणारा बॉलस्क्रू प्रसरण पावत राहतो आणि पहिल्या काही नगांचे माप सरकते. त्या नगांना किती मायक्रॉनचा ऑफसेट (मापातली दुरुस्ती) द्यायचा, हे डायरीत लिहिलेले असते. इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार झिजत गेली की बोअर (आतले भोक) लहान येऊ लागतो. कोणत्या फाउंड्रीच्या कास्टिंगवर (ओतीव भागावर) ही झीज किती नगांनंतर सुरू होते, तेही तिथे असते. सेटर रजेवर गेला की रिजेक्शन (बाद होणारे नग) वाढते, सुपरवायझरची धावपळ उडते, आणि तो परत आला की सगळे सुरळीत होते. व्यवस्थापक याला ‘त्याचा हात बसला आहे’ असे म्हणतात आणि पुढे जातात.

नुकसान केवळ रिजेक्शनपुरते असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मी पाहिलेल्या अशा एका डायरीत एका भागाविषयी नोंद होती, की त्याची बाहेरची कड पातळ असल्यामुळे ओतकाम तिथे लवकर थंड होते, कडक येते आणि इन्सर्टची धार नेमकी त्याच जागी उडते. बिडाच्या ओतकामात असे का होते, हे कोणताही फाउंड्रीवाला सांगेल. उपायही अवघड नव्हता. कड थोडी जाड करायची किंवा तिथे जरा मोठी त्रिज्या द्यायची, म्हणजे ड्रॉइंगमध्ये एक बदल. परंतु ड्रॉइंग करणारा डिझाइन इंजिनिअर वरच्या मजल्यावर बसत होता आणि त्याला इन्सर्ट उडतात हे ठाऊक नव्हते. फाउंड्रीला तो भाग पुढे कसा मशीन होतो हे ठाऊक नव्हते. आणि ज्या माणसाला दोन्ही ठाऊक होते, त्याला कोणी विचारले नव्हते. त्याने आपण होऊन सांगावे, असे त्याला वाटण्याचेही काही कारण नव्हते. नवी कल्पना म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच असते. दोन वेगवेगळ्या माणसांजवळची दोन अर्धी माहिती एकत्र आली की ती जन्माला येते. आली नाही, तर ती हरवली हेसुद्धा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ताळेबंदात तिच्यासाठी रकाना नसतो.

जपानी कंपन्यांच्या कायझनचे, म्हणजे कामगारांच्या सूचनांतून होणाऱ्या छोट्या-छोट्या सततच्या सुधारणांचे, आपल्याकडे अमाप कौतुक झाले आहे. भारतात क्वालिटी सर्कल (गुणवत्ता सुधारण्यासाठीचे कामगारांचे छोटे गट) १९८०च्या सुमारास हैदराबादजवळच्या ‘भेल’च्या कारखान्यात सुरू झाली, आणि आज पुणे परिसरातल्या बहुतेक वाहनउद्योगांत भिंतीवर कायझनचे फलक, ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे आणि दारापाशी सूचनापेटी असते. या सगळ्यामागचा क्रम मात्र आपण पाहिला नाही. टोयोटा कंपनी १९४९-५० मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगार कपातीवरून मोठा संप झाला, दोन हजारांच्या आसपास कामगारांनी कंपनी सोडली, आणि त्याची जबाबदारी घेऊन संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी स्वतः अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्या धक्क्यातून जी समजूत घडत गेली, ती अशी की उरलेल्या कामगारांना पुन्हा असे काढले जाणार नाही. कामगारांच्या सूचनांची योजना सुरू झाली ती त्यानंतर, १९५१ मध्ये. गंमत म्हणून नव्हे, तर मुद्दा म्हणून हे नोंदवायला हवे की त्या योजनेची कल्पना टोयोटाच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात पाहिली होती. पेटी अमेरिकेतही होती. जपानमध्ये तिच्याआधी हमी आली.

हा जपानी स्वभावाचा परिणाम असेल, अशी शंका घेणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे उदाहरण आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना संप, तक्रारी आणि वीस टक्क्यांपर्यंत पोचलेली गैरहजेरी यांसाठी बदनाम होता आणि १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तो ‘न्यूमी’ या नावाने पुन्हा सुरू केला. कामगार बहुतेक तेच, युनियनही तीच. काही काळातच तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांच्या पुढे गेली. लाइनवरच्या कोणत्याही कामगाराला दोष दिसताच दोरी ओढून काम थांबवण्याचा अधिकार होता, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. त्या कामगारांशी झालेल्या कराराचा उल्लेख फार कमी वेळा होतो. कपात करण्याची वेळ आलीच तर त्याआधी अधिकाऱ्यांचे पगार कमी केले जातील आणि बाहेर दिलेली कामे आत आणली जातील, असे त्यात होते. १९८८ मध्ये मागणी घसरून कारखान्याची क्षमता मोठ्या प्रमाणात पडून राहिली, तेव्हा हे वचन कसोटीला लागले. कोणालाही घरी पाठवले गेले नाही. रिकाम्या झालेल्या माणसांना प्रशिक्षण आणि सुधारणांच्या कामाला लावले. त्या दिवसांनंतर तिथल्या कामगाराने आपल्या कामाचे दोन टप्पे कमी करणारी युक्ती सांगितली असेल, तर त्यामुळे आपल्या शेजाऱ्याची जागा जाणार नाही, याची त्याला खात्री होती. सूचना करणे आणि पोटावर पाय येणे यांचा संबंध तुटल्याशिवाय सूचनापेटीत चहाच्या कपाविषयीच्या आणि पंख्याविषयीच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही पडत नाही.

आता आपल्याकडची स्थिती पाहावी. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी सुमारे ४० टक्के कंत्राटी आहेत. त्याखेरीज निरनिराळ्या नावांनी घेतलेले ट्रेनी आणि ॲप्रेंटिस आहेत. नोकरीला कायद्याचे संरक्षण मिळवून देणारे २४० दिवस भरू नयेत म्हणून सात-आठ महिन्यांनी ब्रेक द्यायचा आणि नंतर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच माणसाला पुन्हा घ्यायचे, ही पद्धत औद्योगिक वसाहतींत इतकी रुळली आहे की तिच्याविषयी बोलताना कोणी आवाजही खाली करत नाही. या मुलांना कंपनीच्या कायझन स्पर्धेत बहुधा भाग घेता येत नाही, कारण ते कंपनीच्या हजेरीपटावर नसतात. मशीनसमोर सर्वांत जास्त तास मात्र तेच उभे असतात. त्यांनी काय पाहिले, काय ऐकले, कोणता आवाज बदलला की टूल जाणार हे त्यांना कधी समजले, ते सगळे ब्रेकच्या दिवशी त्यांच्याबरोबर गेटबाहेर जाते. दुसरीकडे जो मोजका परमनंट सेटर उरतो, तो पाहत असतो की आपण शिकवलेला मुलगा आपल्या एक तृतीयांश पगारात तेच काम करू शकेल. डायरी खिशात राहते ती म्हणून. एका बाजूला शिकायला माणूस टिकत नाही आणि दुसऱ्या बाजूला शिकवायला माणूस धजत नाही, अशी ही दुहेरी कोंडी आपण खर्च वाचवण्याच्या नावाखाली स्वतः तयार केली आहे.

कार्यालयांतले चित्र वरून वेगळे दिसते. आतून तेच आहे. हिंजवडीत किंवा खराडीत ‘केटी’ म्हटले की कोणालाही समजते. पण हे नॉलेज ट्रान्स्फर होते कधी? बहुतेक वेळा माणसाने राजीनामा दिल्यावर, नोटीस पीरियडच्या शेवटच्या काही आठवड्यांत. चार-पाच वर्षांत एखाद्या प्रणालीविषयी जे कळले, ते पंधरा-वीस रेकॉर्ड केलेल्या कॉलमध्ये ओतायचे आणि ते ऐकणाऱ्याने मान डोलवायची, असा हा विधी असतो. त्याआधीची सगळी वर्षे शिकवण्यासाठी वेळ नसतो, कारण टाइमशीटमध्ये तो तास ग्राहकाच्या बिलात लावता येत नाही. त्यात वार्षिक मूल्यमापन बेल कर्व्हने होत असेल, तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी हा प्रतिस्पर्धीच ठरतो. टीममध्ये कोणीतरी खालच्या श्रेणीत बसवायचाच असेल, तर आपणच त्याला वर येण्यासाठी मदत का करावी? मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची प्रतवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांनी तिचे नाव बदलले आहे, आशय मात्र पुष्कळ ठिकाणी शाबूत आहे.

ज्ञान साठवण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेणे हा उपाय पुरेसा ठरत नाही, हे झेरॉक्स कंपनीच्या अनुभवातून दिसते. मानववंशशास्त्राचे अभ्यासक ज्युलियन ऑर १९८०च्या दशकात या कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. त्यांना आढळले की कंपनीने दिलेल्या जाडजूड पुस्तिकांत न सापडणारे दोष हे लोक एकमेकांना सांगितलेल्या किश्शांतून सोडवत होते, आणि ते किस्से जेवताना, कॉफी पिताना सांगितले जात होते. कंपनीच्या हिशेबात हा वेळ वाया गेलेला होता. पुढे १९९०च्या दशकात तंत्रज्ञांच्या युक्त्या एकत्र करणारी ‘युरेका’ नावाची प्रणाली उभारली गेली. युक्ती इतर अनुभवी तंत्रज्ञांनी तपासून मान्य करायची आणि ती सुचवणाऱ्याच्या नावासह सर्वांना उपलब्ध करायची, अशी तिची रचना होती. रोख बक्षिसांपेक्षा आपले नाव आणि आपल्या बरोबरीच्यांनी दिलेली मान्यता त्या लोकांना मोलाची वाटली. आपल्याकडे ड्रॉइंगच्या कोपऱ्यात काढणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशा तिघांच्या सह्या असतात. बदल ज्याच्या सांगण्यावरून झाला, त्या फिटरचे किंवा सेटरचे नाव लिहायला तिथे जागा नसते. ती जागा करायला एक पैसाही लागत नाही.

भीतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या म्हणून गणलेल्या चमूंमध्ये चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. उलगडा असा झाला की तिथे चुका जास्त घडत होत्या असे मानण्याचे कारण नव्हते. तिथे त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. आपल्या सकाळच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये काय चालते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रिजेक्शनचा आकडा वाढला की ‘कोणी केले?’ हा पहिला प्रश्न येतो, आणि ‘कशामुळे झाले?’ हा प्रश्न आला तर नंतर येतो. ज्युनिअर इंजिनिअरने साहेबांसमोर ‘हे मला कळले नाही’ असे म्हणणे हा आपल्याकडे कमीपणा समजला जातो, आणि साहेबांनी तसे म्हणणे तर अशक्यप्राय. त्यामुळे आकडे सजवले जातात, चालून गेलेला प्रयोग सांगितला जातो, फसलेला पुरला जातो, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या विभागातला कोणीतरी तोच प्रयोग पुन्हा करून पुन्हा फसतो. फसलेल्या प्रयोगाची नोंद ही कंपनीची मालमत्ता आहे, असे जोवर वरिष्ठ स्वतःच्या वागण्यातून दाखवत नाहीत, तोवर त्यांनी भिंतीवर लावलेल्या ‘मोकळेपणाने बोला’ या फलकावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

लघुउद्योजकांचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. ते म्हणतात, सगळे शिकवले तर माणूस उद्या शेजारच्या गाळ्यात स्वतःचे मशीन टाकेल आणि आमचेच गिऱ्हाईक नेईल. असे घडते, आणि ज्याच्यावर कर्जाचे हप्ते आहेत त्याला ते सोसत नाही, हे मान्य करायला हवे. तरीही कोल्हापूरच्या उद्यमनगराकडे पाहावे. तिथला फाउंड्री आणि इंजिनिअरिंगचा व्यवसाय एका दुकानात शिकलेल्या माणसाने दुसरे दुकान टाकले, त्याच्याकडे शिकलेल्याने तिसरे, अशा रीतीने वाढला. पॅटर्न करणारा, ओतणारा आणि मशीन करणारा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे अडलेले काम चहाच्या टपरीवर सुटते, आणि याचा लाभ ज्याचा माणूस गेला त्या पहिल्या मालकालाही मिळाला. भारतीय करार कायद्याचे १८७२ पासूनचे कलम २७ व्यवसायाला अटकाव करणारे करार सर्वसाधारणपणे रद्दबातल ठरवते, त्यामुळे गेलेल्या माणसाला दुसरीकडे काम करू न देण्याचा कायदेशीर मार्ग तसाही अरुंद आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे, आणि संगणक उद्योग तिथेच फोफावला. माणूस जाईल म्हणून त्याला न शिकवणाऱ्या मालकाकडे न शिकलेला माणूस राहतो; तोट्याचा हिशेब करताना ही बाजूही मांडली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक परखड आहे: नोकरीची हमी दिली की माणसे काम करायचे थांबतात. एचएमटीच्या घड्याळांचा दाखला यासाठी दिला जातो. पक्क्या नोकऱ्या, कुशल कारागीर, देशभर नाव, आणि तरीही क्वार्ट्झच्या (बॅटरीवर चालणाऱ्या) घड्याळांच्या लाटेत टायटन पुढे निघून गेली व २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. हा दाखला मला खोडायचा नाही. हमी पुरेशी नाही, हे त्यातून सिद्ध होते. बाजारात काय बदलते आहे याची खबर विक्रेत्याकडून कारखान्यापर्यंत आणि कारखान्यातून मंत्रालयापर्यंत जाऊन वेळेत निर्णय व्हायला हवा, आणि एचएमटीत तसे झाले नाही. पण हमी पुरेशी नाही यावरून ती अनावश्यक ठरत नाही. खालून आलेली माहिती वर ऐकली गेली पाहिजे हे एचएमटी शिकवते. ती माहिती खालून मुळात यायची असेल तर सांगणाऱ्याचे नुकसान होता कामा नये, हे न्यूमी शिकवते. आपल्या कंपन्यांनी पहिला धडा घोकला आणि दुसरा गाळला.

हा प्रश्न कंपन्यांच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही, कारण यात सार्वजनिक पैसा आहे. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना उद्योगांना सवलती देताना ८० टक्के रोजगार स्थानिकांना मिळावा अशी अट घालते. स्थानिक किती, हे विचारणे रास्त आहे; त्यांतले किती जण तीन वर्षांनंतर त्याच कंपनीत आहेत आणि किती जण ब्रेकच्या चक्रात आहेत, हेही विचारले पाहिजे आणि सवलतीचे प्रमाण त्याच्याशी जोडले पाहिजे. केंद्राच्या संशोधन निधीतून भांडवल घेणाऱ्या कंपनीने किती पेटंट अर्ज केले याबरोबरच उत्पादनातल्या कोणत्या सुधारणा शॉप फ्लोअरवरून आल्या, त्या कोणाच्या नावावर नोंदल्या गेल्या आणि त्यांत कंत्राटी कामगार होते का, याचा तपशील द्यावा. मुख्य मालकाच्या, म्हणजे ठेकेदार ज्याला माणसे पुरवतो त्या कंपनीच्या, आवारात एक वर्ष काम केलेल्या कोणत्याही माणसाला, तो कोणाच्याही हजेरीपटावर असो, सुधारणा सुचवण्याचा आणि तिचे श्रेय व मोबदला मिळवण्याचा हक्क असावा. आणि एखाद्याच्या सूचनेमुळे एखादे काम कमी झाले, तर त्या कामावरच्या माणसाला ठरावीक मुदतीपर्यंत काढता येणार नाही, असे लेखी कलम वेतनकरारात यावे. युनियनांनी बोनसइतक्याच आग्रहाने ते मागावे. मालकांच्या संघटनांनीही त्याला विरोध करण्याआधी, आपल्याच आवारातल्या किती डायऱ्या आजवर आपल्याला वाचायला मिळाल्या, याचा विचार करावा.